धोंड्याला आलेली पँट

सासऱ्यांनी धोंड्याची पँट एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. खाकी कागदात गुंडाळलेली, वरून सुतळी, आणि सुतळीत खोचलेली चिठ्ठी: ‘शिवून घेतली आहे. हीच घालून या.’ जालन्याच्या स्टँडवर, रसवंतीच्या आडोशाला उभं राहून मी पुडकं सोडलं आणि मला वाटलं, मामांनी घाईत गादीची खोळच पाठवली.

निळे-पांढरे बारीक पट्टे. तेही सरळ असते तर एक वेळ चाललं असतं. इथे एक पट्टा सपाट, त्याच्या शेजारचा फुगलेला, पुन्हा सपाट, पुन्हा फुगलेला. ओल्या कपड्याचा बोळा करून तसाच वाळू दिला की जसा दिसतो, तसं अख्खं कापड. मी तिथूनच फोन लावला.

“मामा, पँट चुरगळली हो बसमध्ये.”

“चुरगळली न्हाई, ती तशीच असती. अंबडच्या शेठजीनं दाखवलं. सिअरसकर म्हणतेत त्या कपड्याला. धुवा, झटका, घाला. इस्त्रीचं कामच न्हाई. अन् घामानं मांडीला चिटकत न्हाई बिलकुल.” मग जरा थांबून म्हणाले, “पस्तीस वर्षं बॉयलरवर काढले मी. असा कपडा असतो म्हणून कुनी सांगितलं न्हाई मला.”

मामा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यावर अंकुशनगरजवळच दोन खोल्या बांधून राहिले. रंग, फॅशन असल्या गोष्टींशी त्यांना काही घेणंदेणं नाही. कपड्यात माणूस शिजतो की नाही, एवढंच ते बघतात.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला, म्हणजे भर उन्हात. अधिकात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला कपडे, लेकीला साडी, आणि तेहेतीस अनारशांचं वाण दिवा लावून जावयाच्या हातात द्यायचं, ही आमच्याकडची रीत. हा मान जोडीचा असतो. मागच्या अधिकाला बायको आणि मी जोडीने गेलो होतो. पुढच्या वर्षी ती गेली. साधा ताप म्हणून झोपली आणि चार दिवसांत गेली. आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे मी त्या घराचा आता नेमका कोण, हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. तरी मामांनी बोलावलं, आणि पँटही शिवली.

माझी थोरली बहीण जालन्यातच दोन गल्ल्या सोडून राहते आणि तिथून माझ्या आयुष्यावर लक्ष ठेवते. तिला कळलं तशी ती चप्पल पायात सरकवत आली.

“बाईल गेली अन् धोंड्याला चालला? कुठं ऐकलं का असं? एकट्या गड्याला कुनी वाण देतं का?”

“त्यांनी बोलावलंय, ताई.”

“त्यांना रीत कळंना झाली का? मंग जा. पण जाशील तर सांगून ये. किती दिवस झाकून ठेवणार?”

झाकून ठेवलं होतं ते असं, की माझं दुसरं लग्न ठरलं होतं. परतूरची, शाळेत शिकवणारी, तिचंही पहिलं लग्न मोडलेलं. आम्ही दोनदा भेटलो होतो आणि दोन्ही वेळा ताई मधोमध बसली होती. अधिकात लग्न लावत नाहीत म्हणून तारीख पुढची धरली होती. आमच्या बियाण्याच्या गोडाऊनमधल्या हमालांपासून सगळ्यांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त अंकुशनगरच्या मामा-मामींना. मी सांगायला म्हणून चार वेळा फोन केला. चारही वेळा मामींनी आधी ‘जेवलात का?’ विचारलं आणि मी ‘हो’ म्हणून फोन ठेवून दिला.

ती त्यांची एकुलती एक लेक. ती गेल्यावर त्यांच्या दारात हक्काने चप्पल काढणारा मी एकटाच राहिलो होतो. मी दुसरा संसार मांडला की तो हक्क राहतो की जातो, हे मला कळत नव्हतं. विचारावं असं कोणी नव्हतं. ज्यांना विचारायचं त्यांनाच तर सांगायचं होतं.

असो. आधी पँट.

मामांनी माप घेतलं होतं ते त्यांच्याकडे राहिलेल्या माझ्या एका जुन्या पँटवरून. शिंप्याने इमानदारीने तेच माप ठेवलं. मी घरी येऊन घालून पाहिली तर कमरेचं बटण आणि काज यांच्यात चांगलं दोन बोटांचं अंतर. दुःखाने माणूस वाळतो म्हणतात. मी खानावळीचं खाऊन फुगलो होतो. आरशासमोर श्वास ओढून उभा होतो आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी आरशाकडे पाठ केली. शेवटी सेफ्टी पिन लावली. म्हणजे शर्ट आत खोचायचा प्रश्नच मिटला.

पण शर्ट कोणता? लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. सकाळी आंघोळ करून आलो की पलंगावर पँट पसरलेली असायची, तिच्यावर शर्ट, शर्टावर रुमाल. मी त्यात शिरायचो. लोक म्हणायचे, साहेब टापटीप राहतात. मी हसून मान डोलवायचो, जणू कर्तबगारी माझीच. ती गेल्यापासून मी दोनच पँटी आलटून-पालटून घातल्या, एक काळी आणि एक करडी. त्यांच्यावर काहीही चालतं, हे कोणीतरी गोडाऊनमध्ये सांगितलं होतं.

या पँटवर काहीच चालेना. पांढरा शर्ट घातला, तर दवाखान्यातला वॉर्डबॉय. चौकड्याचा घातला, तर खाली पट्टे, वर चौकडी, बघणाऱ्याला घेरी यावी. रेघांचा घातला, तेव्हा मी सरळ सतरंजी दिसत होतो. काळ्या शर्टात बँडवाला. कुर्ता घालून पाहिला, तर पँटीचा पायजमा झाला आणि मी झोपायला निघालोय असं वाटायला लागलं. कंपनीने दिलेला टी-शर्ट होता, पण त्याच्या पाठीवर कापसाचं बोंड. सासुरवाडीला बोंड घेऊन कसं जायचं? पलंगावर शर्टांचा ढीग झाला आणि मी बनियनवर त्याच्या शेजारी बसून राहिलो. पंखा गरम हवा फेकत होता. कपड्यांसाठी मी कधी रडेन असं वाटलं नव्हतं, पण त्या दुपारी रडलो. ती असती तर तिने एका नजरेत सांगितलं असतं. मला कपड्यातलं काही कळत नाही, हे तिला माहीत होतं. तिने शिकवलं नाही आणि मी शिकलो नाही. चूक दोघांची, पण निस्तरायला मी एकटा.

मोबाइलवर शोधलं. तिथे गोरी पोरं तसल्याच पँटी घालून समुद्रकिनारी उभी. पायात मोजे नाहीत, घोटे उघडे, वर कोट. जालन्यात जूनच्या तोंडावर कोट घातला तर मामांचं सगळं शास्त्र वाया. आणि घोटे उघडे टाकून अंकुशनगरला उतरलो असतो, तर पहिल्याच माणसाने विचारलं असतं, पँट आटली का?

मग मी ते केलं. अजून सांगताना अवघडतं. पँट पलंगावर पसरली, फोटो काढला आणि परतूरला पाठवला. आमच्यात तोवर ‘शुभ सकाळ’च्या पुढे काही गेलं नव्हतं. मी लिहिलं, ‘याच्यावर काय घालू?’

पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. ‘अबोली. प्लेन. अर्ध्या बाह्या. शर्ट बाहेर सोडा. बूट नको, तपकिरी सँडल.’ आणि खाली, ‘कुठे निघालात?’

‘एक कार्यक्रम आहे,’ मी लिहिलं. म्हणजे इकडे एक झाकलेलं आणि तिकडे दुसरं. तिलाही मी सांगू शकलो नाही की मी पहिल्या सासऱ्यांकडे धोंडे खायला निघालोय.

अबोली म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. फूल असतं एवढं ऐकून होतो. संध्याकाळी मार्केटात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, मारवाडी, पण मराठी आमच्यापेक्षा चोख. मी म्हणालो, “अबोली रंगाचा शर्ट दाखवा.” त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हसला. “वहिनींनी सांगितलं वाटतं,” म्हणाला. त्याने गुलाबीही नाही आणि केशरीही नाही असा एक फिकट शर्ट काउंटरवर टाकला. माझ्या मनाने मी तो सात जन्मांत उचलला नसता. घरी आणून पँटवर ठेवला, तर पँट अचानक पँट दिसायला लागली. पट्टे शांत झाले. मीसुद्धा बरा दिसत होतो. बरं दिसल्याचा इतका त्रास मला आधी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीने निघालो. अंबडपर्यंत उभाच होतो, एक तर गर्दी आणि दुसरं म्हणजे बसलं की पिन टोचायची. सांगायची वाक्यं जुळवत होतो. ‘मामा, एक बोलायचं होतं.’ ‘मामी, ताईनेच मनावर घेतलं.’ सगळी वाक्यं दुसऱ्यावर ढकलणारी होती. एकही माझं नव्हतं.

दारात मामींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मामा खुर्चीतून उठून थेट माझ्या पँटकडे आले. वाकून त्यांनी गुडघ्याजवळ कापड चिमटीत धरलं.

“चिटकली का गाडीत?”

“नाही मामा, बिलकुल नाही.”

“म्हणलं न्हवतं का मी?” त्यांनी मामींकडे पाहिलं. “अंबडपत्तुर उभं राहून आले असतेन, तरी बघ, कोरडी ठाक.” बॉयलर नीट पेटला की कामगाराला जो आनंद होत असेल, तो त्यांच्या तोंडावर होता. पाणी प्यायलो, बसलो. मामी समोर भिंतीला टेकून बसल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

“शर्ट चांगला घेतला जावईबापू. लई छान दिसून राह्यला. कोन्ता रंग म्हणायचा हा?”

“अबोली,” मी म्हणालो.

म्हणालो आणि मलाच ऐकू आलं, मी काय बोललो ते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी याच घरातून मला मोरपंखी दोरा आणायला पाठवलं होतं आणि मी हिरवागार दोरा घेऊन आलो होतो. मामी ती गोष्ट पाहुण्यारावळ्यांना पदर तोंडाला लावून सांगत. आमच्या जावयाला चारच रंग म्हाईत, लाल, पिवळा, हिरवा अन् काळा. लेक त्यावर म्हणायची, पांढरा राहिला की गं आई. असा मी, आणि मी सहज म्हणालो, अबोली.

मामींनी क्षणभर माझ्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “पुरण करपायचं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. मामा खाली फरशीकडे पाहत होते. त्यांनाही कळलं होतं.

आम्ही जेवलो. धोंडे उत्तम झाले होते, तूप वरून सोडलेलं, आणि मला एकही गिळवत नव्हता. मामी वाढत होत्या, मी नको म्हणत नव्हतो. जेवणानंतर त्यांनी पितळी ताटात अनारसे मांडले, मधोमध दिवा लावला आणि ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. वाण घ्यायला मी हात पुढे केले. मागच्या वेळी या ताटाखाली चार हात होते. ते आम्हा तिघांनाही आठवलं असणार, कारण तिघंही ताटाकडेच पाहत होतो. तेव्हा माझ्या तोंडून निघालं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही.

“माझं लग्न ठरलंय.”

मामींनी ताट सोडलं नाही. आधी ते माझ्या हातात नीट बसवलं, मग हात काढले.

“कधीचं हाय?” मामांनी विचारलं.

“अधिक संपला की.”

“कुठली?”

“परतूरची. शाळेवर आहे.”

“करून राह्यले ते बराबर हाय,” मामा म्हणाले. “माणसानं एकटं राहू न्हाई. आमीच म्हणणार होतो तुमाला. व्हय ना गं?”

“व्हय,” मामी म्हणाल्या. पदराने दिव्यावरची हवा अडवत त्या पुढे म्हणाल्या, “नजर चांगली हाय तिची.” आणि मग त्यांनी बोटाने वात सारखी केली.

मी ताट धरून उभा. हातात ताट असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. ते रागावले असते, तर मी पाया पडलो असतो, बाजू मांडली असती, ताईच्या नावाने खापर फोडलं असतं. असा कसा विसरलास, असं एकदा जरी म्हणाले असते, तरी मी म्हणालो असतो, विसरलो नाही हो, आईशप्पथ विसरलो नाही. त्यांनी तसं काहीच म्हटलं नाही. चांगल्या माणसांपुढे माणसाची काही मात्राच चालत नाही. मी मामींना म्हणालो, “मामी, मी येत जाईन.” त्या म्हणाल्या, “या की.” पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाल्या. मला ते ऐकू येऊनही मी काही करू शकलो नाही.

दुपार कलल्यावर निघालो. मामींनी अनारसे डब्यात भरून दिले. हळदी-कुंकवाची बोटं कपाळाला लावताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला, शर्टाच्या शिवणीवर. मी नको म्हणत असताना मामा फाट्यापर्यंत आले. डबा त्यांनीच धरला होता. वाटेत आम्ही पावसाबद्दल बोललो, यंदाच्या उसाबद्दल बोललो, शेठजीकडे त्या कापडाचा अजून एक तागा आहे हेही त्यांनी सांगितलं.

गाडीची वाट पाहत निवाऱ्यात उभे होतो तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. मामांच्या बरोबर कारखान्यात असलेले गृहस्थ, बदलून दुसरीकडे गेले होते, बऱ्याच वर्षांनी भेटत होते. मामांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी तब्येत विचारली, गुडघे विचारले. मग माझ्याकडे वळले. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“हे कोन पाव्हणे?”

“हे आमचे...” मामा म्हणाले आणि थांबले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणू, असं विचारत होते. अगदी खरंच विचारत होते, त्यात टोमणा नव्हता. एक शब्द होता, अकरा वर्षं तो माझाच होता, आणि तो मी उच्चारला असता तर मामांनी लगेच मान हलवली असती. माझी जीभ रेटेना. अधिक संपल्यावर तो शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी जाणार होता आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“जालन्याचे हायत,” मामा म्हणाले.

“जालन्यात कुठं?” त्या गृहस्थांनी मला विचारलं.

आणि मी त्यांना माझ्या गल्लीचं नाव सांगितलं.